पांढरी चार आणि पोटपट्टा

माणसाचा गळा किती पाण्यात आहे, हे पेटीवर मोजायची आमच्या भजनी मंडळात पद्धत होती. पेटीच्या कोणत्या पट्टीला सा धरून तुम्ही गाता, त्यावर तुमचा मान. साधारण पुरुषमाणूस काळी एकला गातो. अंगात जरा रग असली तर काळी दोनला. मी पांढरी चारला गात असे. त्या उंचीवर बायका आरामात गातात, लहान मुलं गातात, आणि ज्या पुरुषांना देवाने तसा गळा दिला आहे ते गातात. मला देवाने तसा गळा दिलेला नव्हता. पण देवाचं राहून गेलेलं काम मी स्वतःच्या जोरावर पुरं करत होतो.

हा जोर कुठून यायचा? पोटातून. मंडळातले लोक कौतुकाने म्हणायचेही, "बाबू पोटातून गाते." आमची बायको म्हणायची, "गात कुठी हाय, हाका मारून राहिले. त्याही आग लागल्यासारख्या."

तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, मी शहराबाहेर वाडीला अमरावती रोडवरच्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बुकिंग क्लार्क होतो. दिवसभर मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, फाडायच्या, ट्रकवाल्यांशी भांडायचं आणि शनिवारी संध्याकाळी मारुतीच्या देवळात भजनाला बसायचं. मंडळात बहुतेक आमच्याच गोदामातले हमाल. पेटीवर शाळेतले एक मास्तर. आणि सगळ्यांच्या पुढे, हातात खंजिरी घेऊन मी. खंजिरीच्या भजनात पुढचा गडी ओळ उचलतो आणि मागचे सगळे ती झेलतात. मी इतक्या उंच उचलायचो, की मागच्यांच्या हाताला ती लागायचीच नाही. ते अर्ध्यात तोंड मिटून नुसते टाळ वाजवत राहायचे. मला वाटायचं, भारावले.

एका शनिवारी अशीच एक तान लांबवत होतो. डोळे मिटलेले, मान वर, गळ्याच्या शिरा दोरखंडासारख्या. आणि जांघेच्या वर, उजव्या बाजूला, पोटात काहीतरी आपली जागा सोडून निघाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिथे लिंबाएवढा फुगवटा. आडवा झालो की गायब, उभा राहिलो की हजर. मी त्याला गॅस म्हणालो. पुढचे दोन-तीन शनिवार एका हाताने खंजिरी आणि दुसऱ्या हाताने गॅस सांभाळत गायलोसुद्धा. शेवटी मास्तर मला जवळजवळ धरूनच शहरात धंतोलीला एका सर्जनकडे घेऊन गेले.

डॉक्टरांनी खोकायला लावलं, बोटांनी चाचपलं आणि म्हणाले, "हर्निया आहे. जड काय उचलता?"

"काही नाही," मी म्हणालो. "पेन."

"पांढरी चार उचलतात," मास्तर गंभीरपणे म्हणाले. "रोज नाही, शनिवारी."

डॉक्टरांना गाण्यातलं काही कळत नसावं. त्यांनी लिहिता लिहिता विचारलं, "किती किलोची असते?"

"ते ज्याच्या त्याच्या पोटावर आहे," मास्तर म्हणाले.

संक्रांतीच्या आसपास ऑपरेशन झालं. टाके घातल्यावर डॉक्टरांनी बजावलं: खोकायचं नाही, शिंकायचं नाही, हसायचं नाही, आणि तीन महिने गाणं बंद. मी मनात हिशेब केला आणि पोटातल्या दुखण्यापेक्षा मोठं दुखणं माझ्या लक्षात आलं. तीन महिने संपतात न संपतात तोच हनुमान जयंती येत होती.

त्या दिवशी सकाळी हिंगण्याचं मंडळ आमच्या देवळात यायचं. सगळे कारखान्यातले कामगार. एक पाळी ते गाणार, एक पाळी आम्ही, असं सूर्य डोक्यावर येईपर्यंत चालायचं आणि मग महाप्रसाद. त्यांचा पुढचा गडी एक फिटर होता, आडदांड, आणि तोही पांढरी चारवाला. अख्ख्या पंचक्रोशीत या उंचीचे दोनच गवई, तो आणि मी, आणि दोघांनाही एक जास्त वाटायचा. दवाखान्यात भेटायला आलेल्या हमालांनी बातमी आणली, की हिंगण्यात तो सांगत फिरतोय, "वाडीचा कोंबडा यंदा आरवत नाही म्हणते." आमच्याच मंडळात खंजिरी कोणाला द्यायची याची कुजबुज सुरू झाल्याचंही त्यांनी मला दिलासा म्हणून सांगितलं.

मग त्यातला एक खाटेजवळ वाकला आणि अगदी काळजीच्या आवाजात म्हणाला, "बाकी ठीक हाय ना गा बाबू? काय वाटाचं मग, पेढे का जिलबी?"

मी उशी पोटावर दाबून धरली. हसू दाबावं तर टाके ताणतात, सोडावं तर जास्त ताणतात. डोळ्यांतून पाणी आलं. ते पाहून दुसरा म्हणाला, "रडू नको बाबू, पोरगी झाली तरी लक्ष्मीच असते." नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं तेव्हा कुठे मी वाचलो.

पण त्यांची थट्टा खरी करायला घरी सासूबाई येऊन बसल्या होत्या. काटोलकडच्या खेड्यातून, जावयाचं ऑपरेशन झालं म्हणून मुद्दाम. त्यांनी आजवर सेवा केली होती ती बाळंतिणींची. दुसऱ्या कोणत्या आजाऱ्याला कसं सांभाळतात, हे त्यांना माहीत नव्हतं आणि माहीत करून घ्यायची गरजही वाटत नव्हती.

"पोट उघडलं ना जवाईबापू? मग झालं तर. पोटात वारं शिरते, ते सारखंच."

मला बाजेवर निजवण्यात आलं. बाजेखाली शेगडी. कानात कापसाचे बोळे आणि वरून फडकं, वारं कानातूनही शिरतं म्हणून. सकाळी ओवा-शेपा, दुपारी डिंकाचा लाडू. आणि जुन्या लुगड्याची लांब पट्टी फाडून तिचा पोटपट्टा. एक टोक सासूबाईंनी धरायचं, दुसरं मी कमरेला लावायचं आणि गिरक्या घेत घेत त्यांच्या दिशेने जायचं. "अजून एक फेरा घ्या बापू, ढिलं राहिलं तं पोट सुटते." मी भिंगरीसारखा त्यांच्यापाशी पोचलो की त्या गाठ मारायच्या. शेजारच्या बाया दारातून पाहायच्या आणि तोंडाला पदर लावायच्या. एकीने तर बायकोला विचारलं, "काहून वं, बारसं कधी हाय?"

हे सगळं मी सोसलं, कारण आतून मला भीती वाटत होती. जखमेची नव्हे. माझा आवाज पोटात होता आणि पोट तर कापलं होतं. न्हाणीघरात पाणी अंगावर घेताना तोंडातून हूं निघायला लागलं की मीच जीभ चावायचो. गळ्यात आवाज शिल्लक आहे की नाही, हे पाहायचीही हिंमत होत नव्हती.

तरी महिना झाला, कानातल्या कापसासकट मी कामावर जायला लागलो, आणि राहवेना. घरात सासूबाई, गोदामात हमाल. गायला जागा कुठे? दुपारची सामसूम पाहून मी गोदामाबाहेर उभ्या असलेल्या एका रिकाम्या ट्रकच्या केबिनमध्ये चढलो. काचा वर केल्या. दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळे मिटले आणि सरळ पांढरी चार गाठली. शहाण्या माणसाने खालून सुरुवात केली असती. पण मी जिथून पडलो होतो तिथेच परत चढायचं म्हणून बसलो होतो.

आवाज निघाला, मधेच फाटला, आणि टाक्यांच्या जागी अशी कळ आली की मी पोट धरून स्टिअरिंगवर ओणवा झालो. त्याच वेळी ट्रकचा ड्रायव्हर, एक म्हातारे सरदारजी, दार उघडून आत डोकावले.

"ओ बाबूजी! क्या हुआ?"

"कुछ नहीं, गा रहा था।"

सरदारजींनी माझ्याकडे पाहिलं. घामाने डबडबलेला चेहरा, कानात कापूस, दोन्ही हात पोटावर. "हां हां, गा लेना, गा लेना," असं भ्रम झालेल्या माणसाशी बोलावं तसं बोलत त्यांनी मला बाजूला सरकवलं, इंजिन सुरू केलं आणि रिकामा ट्रक थेट धंतोलीला आणून उभा केला. त्या गल्लीत ट्रक शिरला की सगळी वाहतूक बंद. मला खांद्याला धरून उतरवताना दहा-बारा लोक मदतीला धावले. मी सांगतोय काही झालं नाही, ते म्हणताहेत घाबरू नका.

डॉक्टरांनी तपासलं. सरदारजी शेजारीच उभे.

"टाके शाबूत आहेत," डॉक्टर म्हणाले. "काय करत होतात?"

"गात होतो."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुमचं पोट मी शिवलंय, ते काही होल्डॉल नाही, पट्टे आवळून वाटेल ते कोंबायला. गायचंच असेल तर गा. पण हळू, आणि खालच्या सुरात. वर चढायचं नाही. आता नाही, नंतरही जपून."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, गा." पुढचं सांगायची मला जरूर वाटली नाही. पण माझ्यामागून सरदारजी चहाला घरात आले होते. ते दारातच म्हणाले, "भाभीजी, नीचे सुर में बोला है डॉक्टर ने। ऊपर गए तो फिर फटेगा।"

बायको भांडली असती तर मी सावध झालो असतो. तिने सरदारजींना दुसरा कप चहा दिला, आणि संध्याकाळी मास्तर आले तेव्हा त्यांनाही दिला. दोघं स्वयंपाकघराच्या दाराशी बराच वेळ बोलत होते. मला वाटलं, मास्तरांच्या बदलीचं काही असेल.

पुढच्याच आठवड्यात मास्तर नवी पेटी घेऊन घरी आले. मंडळाच्या जुन्या पेटीचा भाता फाटला, म्हणून त्यांच्या साडूची मागून आणली, असं म्हणाले. "सराव इथंच करू. तुम्ही बाजेवर बसूनच गा." सासूबाईंनी अट घातली, कानातला कापूस काढायचा नाही. मी म्हणालो, चालेल; गवयाच्या आत सूर असतो, कानाचं काय काम? हे वाक्य मी त्या दोघांसमोर, मोठ्या ऐटीत म्हणालो होतो.

"कोणती देऊ?" मास्तरांनी विचारलं.

"पांढरी चार."

मी डोळे फाडून पाहत होतो. मास्तरांचं बोट पांढरी चारवरच पडलं. मी घाबरत घाबरत तोंड उघडलं, आणि काय सांगू! सूर असा मऊ येऊन बसला, जसा काही मांजराने मांडीवर उडी मारावी. ना कळ, ना ताण. दुसरी ओळ, तिसरी ओळ. सासूबाई लाडू वळता वळता थांबल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पोट कापलं आणि आवाज मोकळा झाला! मास्तरांना मी म्हणालोसुद्धा, "मास्तर, माझ्या पोटातच काहीतरी अडकलेलं होतं. डॉक्टरने ते काढून टाकलं."

"हो ना," मास्तर पेटीकडे पाहत म्हणाले. "अहंकार म्हणतात त्याले. पण तो त्यायले सापडला नसन."

मला वाटलं, कौतुक करताहेत.

हनुमान जयंतीच्या सकाळी देऊळ भरलं होतं. ऊन अजून तापायचं होतं. हिंगण्याची मंडळी मोटारसायकलींवरून आली होती, त्यामुळे पेटी आणली नव्हती. पाहुण्यांनी यजमानांच्याच पेटीवर गायचं हा रिवाजच होता. फिटर माझ्याकडे पाहून म्हणाला, "काय गा, जमते का? नाही तं राहू दे, जबरदस्ती नाही."

"पांढरी चार," मी माइकमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल असं मास्तरांना म्हणालो.

कानातला कापूस घरी काढून आलो होतो. पट्टा मात्र सदऱ्याखाली सासूबाईंनी दोन फेरे जास्त आवळलेला. मी ओळ उचलली. आवाज स्वच्छ लागला. थोडा खोल, भरल्यासारखा वाटला खरा. पण ते देवळाच्या घुमटामुळे असेल असं मी धरलं. माणसाला जे हवं असतं ते मिळालं की तो पावती मागत नाही. भजन संपल्यावर मी फिटरकडे पाहून मिशीवरून हात फिरवला. मला मिशी नव्हती. तरी फिरवला.

आता त्यांची पाळी. त्यांचा पेटीवाला पेटीपाशी बसला. फिटर म्हणाला, "आपल्यालेही पांढरी चारच दे." पेटीवाल्याने पट्टी दाबली. फिटरने तोंड उघडलं, मिटलं, आणि माइक समोर आहे हे विसरून म्हणाला, "हे काय वाजवून राहिला बे? ही तं काळी एक हाय!"

पेटीवाल्याने पेटी खालून-वरून चाचपली. एका बाजूला एक मूठ होती. ती ओढल्याबरोबर सगळ्या पट्ट्या, काळ्या-पांढऱ्या, खट्‌ आवाज करत एकदम बाजूला सरकल्या. "सरकती पेटी हाय भाऊ," तो म्हणाला. "पट्टी तीच राहते, सूर खाली उतरते. कोणंतरी उतरवून ठेवली हाय."

मग मागून एका हमालाचा आवाज आला, "म्हणजे आपला बाबू इतके दिवस…" आणि देवळात असा हशा उसळला की मारुतीलाही राहवलं नसेल. मी मास्तरांकडे पाहिलं. ते पेटीवाल्याकडे पाहत होते. बायकांच्या बाजूला बायकोकडे पाहिलं. ती मात्र सरळ माझ्याकडेच पाहत होती आणि हसत नव्हती.

फिटरने खऱ्या पांढरी चारवर भजन म्हटलं. दणदणीत म्हटलं. शेवटच्या तानेला त्याचा डावा हात गुडघ्यावरून उठून कमरेशी गेला आणि तिथेच राहिला. पण मी तेव्हा स्वतःच्या फजितीत इतका बुडालो होतो की ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. भजन संपलं तसा तो घाम पुसत म्हणाला, "घ्या आता. पेटी जागेवर आणून दिली हाय तुमची. होऊ द्या पांढरी चार."

मास्तर पेटीशी जाऊन बसले. पेटी अजून वरच होती. सगळं देऊळ गप्प. मंडळी माझी फजिती पाहायला गप्प असती तर सोपं होतं; मी इरेला पेटून चढलोच असतो. पण मागचे हमाल खरंच घाबरले होते. एकाने तर माझा सदरा मागून धरून ठेवला होता. मी श्वास घेतला. लुगड्याची पट्टी बरगड्यांना काचली. माइकमधून तो श्वास सगळ्यांना ऐकू गेला.

चार शब्द बोलायचे होते. आयुष्यात कितीतरी भजनं म्हटली, पण या चार शब्दांना जेवढा जोर लागला तेवढा कोणत्याही तानेला लागला नव्हता.

"मास्तर, पेटी खाली घ्या," मी म्हणालो.

खट्‌.

आणि मग मी काळी एकला गायलो. जाणूनबुजून, सगळ्या वाडीसमोर, पहिल्यांदा. पहिल्या ओळीला लाजच वाटली, भर रस्त्यात चपला काढून चालल्यासारखी. दुसरी ओळ सोडली आणि मागून एक मोठा, जाडाभरडा, वीस-पंचवीस गळ्यांचा आवाज माझ्या पाठीवर येऊन आदळला. हमालांनी ओळ झेलली होती. मी इतका दचकलो की खंजिरीचा ठेकाच चुकलो. मंडळात एवढे लोक गातात हे मला त्या दिवशी कळलं. भजन संपल्यावर पुढे बसलेली एक म्हातारी शेजारणीला मोठ्याने म्हणाली, "आज समजलं वं माय, हा काय म्हणते ते. मले वाटे रामाले शिव्या देऊन राहिला."

पुन्हा हिंगण्याची पाळी आली. त्यांच्या पेटीवाल्याने पेटीच्या मुठीला हात घातला. फिटर त्याच्याकडे झुकला आणि हळूच म्हणाला. पण माइक काही हळू ऐकत नाही. "राहू दे ना बे. हाय तिथंच बरी हाय."

या वेळी कोणी हसलं नाही. मीही नाही. हसलो असतो तर माझ्यासारखा नालायक मीच, आणि तसा मी असल्यामुळे हसू अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण त्याच्या कमरेवरचा हात मला आता नीट दिसत होता.

दुपारी महाप्रसादाची पंगत बसली. इतक्या वर्षांत आम्ही दोघं कधी शेजारी बसलो नव्हतो. तो स्वतः येऊन माझ्या बाजूला बसला. पत्रावळीवर वांग्याची भाजी आली, पोळी आली, बुंदी आली. बराच वेळ तो भाजीत बोट फिरवत राहिला.

"धंतोलीचा तो डॉक्टर कसा हाय गा?" त्याने पत्रावळीकडेच पाहत विचारलं.

"चांगला हाय. कोणत्या बाजूनं हाय तुह्यं?"

"डाव्या." मग इकडेतिकडे पाहून, "दोन वर्सं झाले. घरी मालूम नाही. लय दुखते का?"

"कापलेलं नाही दुखत एवढं," मी म्हणालो. "गाणं बंद ठेवा म्हणतात, ते दुखते."

त्याने पोळीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरून बसला. कारखान्यात लोखंड वाकवणारा माणूस. पण त्या वेळी त्याला तो तुकडा भाजीला लावता येईना.

"पण येते ना मग वापस?" त्याने विचारलं.

"येते," मी म्हणालो. "थोडं खालून येते."